लाळग्रंथींतील गाठी : सौम्य कोणती, मारक कोणती?

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी बोराएवढी एक गाठ येते. ती दुखत नाही, ताप आणीत नाही, खाण्यापिण्यात अडथळा करीत नाही. दाढी करताना अथवा वेणी घालताना हाताला लागते, एवढेच तिचे अस्तित्व. अशी गाठ घेऊन लोक दहा-दहा वर्षे वावरतात. बोराची सुपारी होते, सुपारीचे लिंबू होते. कोणी तिच्यावर चुन्याचा लेप देतो, कोणी बिब्बा लावतो, आणि 'दुखत नाही ना, मग राहू दे' हा घरातील वडीलधाऱ्यांचा निकाल बहुधा अंतिम ठरतो. याच्या अगदी उलट प्रकारही घडतो. बाजारच्या दिवशी तालुक्याला गेलेला माणूस जागीच भूल घेऊन गाठ उकरून काढून घेतो, संध्याकाळच्या गाडीने घरी परततो, आणि काढलेला गोळा तपासणीला न जाता टोपलीत जातो. पहिल्या प्रकारात वेळ वाया जातो. दुसऱ्या प्रकारात पुरावा नष्ट होतो. दोन्हींची किंमत रुग्णाला पुढे मोजावी लागते.

ही गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे डोळ्यांनी पाहून किंवा हाताने चाचपून कोणालाही निश्चितपणे सांगता येत नाही. लाळग्रंथींच्या बाबतीत तर सूक्ष्मदर्शकालाही ते नेहमीच सांगता येते असे नाही. गेल्या काही दशकांत गाठीच्या पेशींमधील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याची जी पद्धत रूढ झाली, तिने या कामी मोठे साहाय्य केले आहे. विषय तज्ज्ञांचा आहे हे खरे; परंतु गावात गाठ झालेला माणूस प्रथम विचारतो तो गुरुजींना, ग्रामसेवकाला किंवा पंचायतीच्या सदस्याला. तेव्हा त्याची तोंडओळख या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

ग्रंथींची मांडणी

मनुष्याच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. ती तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. सर्वांत मोठी जोडी कानाच्या पुढे व खाली असते. तिला कर्णमूळ ग्रंथी म्हणता येईल. गालगुंड झाले असता सुजतात त्या याच. दुसरी जोडी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली असते. यांखेरीज ओठ, गाल, टाळू व घसा यांच्या अस्तरात मोहरीएवढ्या सहाशे ते हजार लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात.

कर्णमूळ ग्रंथीची एक अडचण तिच्या जागेमुळे निर्माण झाली आहे. चेहऱ्याच्या स्नायूंना चालविणारा मज्जातंतू कवटीतून बाहेर पडून थेट या ग्रंथीत शिरतो आणि तिच्या आतच झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरतो. डोळा मिटणे, ओठ हलविणे, हसणे, चूळ भरणे ही सर्व कामे या फांद्यांवर अवलंबून असतात. म्हणून येथील गाठ काढणे हे पाठीवरची चरबीची गाठ काढण्याइतके सोपे काम नव्हे. अनुभवी शल्यविशारद आधी मज्जातंतू शोधून काढतो, त्याची फांदी न् फांदी जपतो आणि मगच गाठ भोवतालच्या ग्रंथीच्या भागासह बाहेर काढतो. उकरून काढणाऱ्याच्या हातून फांदी तुटली, तर तोंड एका बाजूला वाकडे होते आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही.

लाळग्रंथींच्या गाठी विरळा आहेत. डोके व मान यांतील एकूण गाठींमध्ये त्यांचा वाटा शेकडा तीन ते सहा इतकाच मानला जातो. त्यांच्याविषयी एक ढोबळ नियम मात्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच शिकविला जातो : ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातील गाठ मारक असण्याची शक्यता अधिक. कर्णमूळ ग्रंथीतील पाच गाठींपैकी सुमारे चार सौम्य असतात. जबड्याखालील ग्रंथीत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. टाळूवरील व ओठातील लहान ग्रंथींत मारक गाठींचे पारडे बहुधा जड असते आणि जिभेखालील ग्रंथीत तर सौम्य गाठ हाच अपवाद. टाळूवर आलेली वाटाण्याएवढी गाठ कानाखालच्या लिंबाएवढ्या गाठीपेक्षा अधिक काळजीची असू शकते, ही गोष्ट सर्वसामान्य समजुतीच्या विरुद्ध जाणारी आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मानेतील व जबड्याखालील प्रत्येक गाठ लाळग्रंथीची नसते. आपल्याकडे क्षयरोगाने सुजलेल्या लसीका ग्रंथी, म्हणजे जुन्या भाषेतील गंडमाळ, अजूनही आढळते. जेवताना फुगणारी आणि नंतर ओसरणारी सूज पुष्कळदा लाळेच्या नलिकेत अडकलेल्या खड्यामुळे असते. हा निवाडा डॉक्टरांनी करावयाचा आहे.

दोन गाठी, एक घडण

या ग्रंथींत होणाऱ्या गाठींचे प्रकार इतके आहेत की जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ साली त्यांचे पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केल्यापासून १९९१, २००५, २०१७ व २०२२ अशा सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. त्या सर्वांची नावे येथे देण्यात अर्थ नाही. दोनच प्रकार घेतले म्हणजे मुख्य प्रश्न समजतो.

पहिला प्रकार म्हणजे 'मिश्र अर्बुद'. लाळग्रंथींच्या सर्व गाठींपैकी निम्म्याहून अधिक गाठी याच प्रकारच्या असतात. ती सौम्य आहे. सावकाश वाढते, हाताला रबराप्रमाणे लागते, आणि बोटांनी सरकविली असता सरकते. हिच्यात ग्रंथीच्या पेशी, बुळबुळीत द्रव्य आणि क्वचित कूर्चेसारखा भाग असे चमत्कारिक मिश्रण आढळते, म्हणून हे नाव. सौम्य असली तरी तिच्यात दोन खोडी आहेत. एक म्हणजे तिचे आवरण पातळ व अपुरे असते आणि तिचे अंकुर आवरणाबाहेर डोकावत असतात. ती उकरून काढली किंवा काढताना फुटली, तर मागे राहिलेल्या कणांतून वर्षांनंतर एकाऐवजी दहा-वीस बारीक गाठी उगवतात, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत मज्जातंतू वाचविणे फार कठीण होऊन बसते. दुसरी खोड अधिक गंभीर आहे. दीर्घकाळ तशीच ठेवल्यास या सौम्य गाठीतून कर्करोग उद्भवू शकतो. वैद्यकीय ग्रंथांत नेहमी दिला जाणारा अंदाज असा, की पहिल्या पाच वर्षांत हा धोका शेकडा दीडच्या आसपास असतो. पंधरा वर्षांनंतर तो शेकडा दहाच्या घरात जातो. 'राहू दे' या निकालाचा खर्च तो हा.

दुसरा प्रकार मारक आहे. त्याला 'ग्रंथिपुटिमय कर्करोग' म्हणता येईल. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात चाळणीसारखी भोके दिसतात. हा कर्करोग इतका संथ वाढतो, की एके काळी पुष्कळ वैद्य त्याला सौम्यच समजत असत. परंतु तो मज्जातंतूंच्या कडेकडेने, रुळावरून जावे तसा, दूरवर सरकत जातो. कित्येक रुग्ण पाच वर्षे उत्तम राहतात, आणि दहाव्या किंवा पंधराव्या वर्षी फुप्फुसात त्याचे ठिपके दिसू लागतात.

एक साधी, दुसरी मारक. मग त्यांत गोंधळ का व्हावा? कारण दोन्हींची घडण एकाच मालमसाल्याची आहे. लाळेच्या सूक्ष्म नलिकेच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. आतल्या थरातील पेशी पोकळीकडे तोंड करून असतात. बाहेरच्या थरातील पेशी स्नायूप्रमाणे आकुंचन पावून लाळ पुढे ढकलतात. या बाहेरच्या पेशींना आपण स्नायुसदृश पेशी म्हणू. मिश्र अर्बुदात हे दोन्ही प्रकार असतात, आणि चाळणीसारख्या कर्करोगातही हेच दोन प्रकार असतात. फरक असतो तो त्यांच्या मांडणीत व सीमेवरील वागणुकीत. संपूर्ण गाठ समोर असेल तर अनुभवी विकृतिवैज्ञानिक बहुधा चटकन निर्णय देतो. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी हाती येतो तो बारीक सुईने ओढून घेतलेला पेशींचा थेंब किंवा टाळूवरचा तांदळाएवढा तुकडा. तेवढ्यात मिश्र अर्बुदाच्या एखाद्या भागात चाळणीचा आभास होतो, आणि कर्करोगाचा एखादा भाग निरुपद्रवी भासतो. अशा वेळी नुसत्या आकारावर विसंबता येत नाही.

रंगाने बोलणारी प्रथिने

प्रत्येक पेशीजवळ सर्व प्रथिने बनविण्याच्या सूचना असतात. पण जी पेशी जे काम करते, त्या कामाची प्रथिनेच ती मुख्यतः बनविते. स्नायुसदृश पेशी आकुंचनाला लागणारी प्रथिने बाळगते, आतल्या थराची पेशी वेगळी. एखाद्याच्या हातातील हत्यार पाहून तो सुतार की लोहार हे ओळखावे, तशी ही ओळख आहे. अडचण एवढीच, की ही हत्यारे सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत. ती दिसावीत कशी?

या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतूनच मिळाले. परके प्रथिन शरीरात शिरले की शरीर त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड बनविते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात आल्बर्ट कून्स यांनी १९४१ च्या सुमारास अशा प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला; प्रतिपिंड जेथे चिकटेल तेथे रंग दिसू लागला. पुढे १९६० नंतरच्या दशकात चमकणाऱ्या रंगाऐवजी विकरे जोडण्याची युक्ती निघाली. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाने तपासणी शक्य झाली. तरीही एकाच प्रतिपिंडाचा शुद्ध व अखंड पुरवठा होत नव्हता. केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर व सीझर मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच पेशीच्या वंशातून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची रीत शोधली. या कार्याबद्दल त्यांना, नील्स येर्ने यांच्यासह, १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रयोगशाळेच्या शीतकपाटात ज्या लहान लहान कुप्या दिसतात, त्यांचे मूळ तेथे आहे.

प्रत्यक्ष काम असे चालते. गाठीचा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये मुरवितात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवितात. त्या ठोकळ्यातून मिलिमीटरच्या सुमारे तीनशेव्या हिश्श्याइतका पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांच्या घड्या आवळून गेलेल्या असतात. त्या मोकळ्या करण्यासाठी काचपट्टी विशिष्ट द्रावणात उकळतात. या उकळण्याची युक्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेले जुने ठोकळेही तपासता येऊ लागले. त्यानंतर प्रतिपिंडाचे थेंब सोडतात, धुतात, आणि रंगद्रव्य घालतात. हवे ते प्रथिन जेथे असेल तेथे तपकिरी रंग उमटतो. बाकीची पेशीकेंद्रे फिकट निळी दिसतात. शेजारी, प्रथिन निश्चितपणे असलेला दुसरा एक तुकडाही रंगवितात. तो तपकिरी झाला नाही तर रंगविण्यातच चूक आहे असे समजून काम पुन्हा करावे लागते. ही उलटतपासणी ज्या प्रयोगशाळेत काटेकोरपणे होते, तिच्याच अहवालावर भिस्त ठेवावी.

जन्माचा दाखला आणि चालचलणुकीचा दाखला

आता ही प्रथिने काय सांगतात ते पाहू. स्नायुसदृश पेशी ओळखण्यासाठी पी-६३ व कॅल्पोनिन ही दर्शक प्रथिने उपयोगी पडतात. एस-१०० नावाचे प्रथिन मिश्र अर्बुदात विपुल आढळते. त्याचे नाव गमतीदार आहे. १९६५ साली गुरांच्या मेंदूतून ते प्रथम वेगळे केले तेव्हा अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेलेच राहिले, म्हणून ते 'एस-१००'. सी-किट हे प्रथिन चाळणीसारख्या कर्करोगाच्या आतल्या पेशींत बहुधा ठळकपणे उमटते. त्याच वेळी बाहेरच्या पेशी पी-६३ ने रंगतात. दोन रंगाऱ्यांनी एकाच नक्षीचे आतले व बाहेरचे वर्तुळ वाटून घ्यावे, तसे ते दृश्य असते. मात्र सी-किट मिश्र अर्बुदातही थोडेफार दिसू शकते. एवढ्यावरून कोणाला कर्करोगी ठरविणे अन्यायाचे होईल.

यापेक्षा नेमका पुरावा गुणसूत्रांच्या अभ्यासातून आला. मिश्र अर्बुदांपैकी पुष्कळांत गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन प्लॅग-१ नावाचे जनुक अवेळी जागे होते, हे १९९७ साली उघडकीस आले. ग्रंथिपुटिमय कर्करोगात मिब आणि एनफिब ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली दाखविले. या जनुकांपासून बनणारी प्रथिने रंगवून पाहता येतात. गाठीच्या तुकड्यात प्लॅग-१ तपकिरी उमटले तर कल मिश्र अर्बुदाकडे. मिबची जोडणी सापडली तर कल कर्करोगाकडे.

येथपर्यंत वाचून कोणासही वाटेल, की मग काम संपले. परंतु नेमकी येथेच सावधगिरी हवी. मिश्र अर्बुदातून कर्करोग उद्भवला असेल, तर त्या कर्करोगाच्या पेशींतही प्लॅग-१ सापडू शकते. कारण त्या त्याच कुळातील आहेत. शाळेच्या भाषेत सांगायचे तर ही प्रथिने पेशीच्या जन्माचा दाखला देतात. चालचलणुकीचा दाखला त्यांच्याजवळ नसतो. चालचलणूक कळते ती गाठीच्या सीमेवर. गाठ आपले आवरण ओलांडून शेजारच्या ऊतकात घुसली आहे काय, मज्जातंतूभोवती किंवा रक्तवाहिनीत शिरली आहे काय, हे पाहावे लागते. लाळग्रंथींत आधारपेशींची अशी एक गाठ होते, जिच्या सौम्य व मारक या दोन रूपांत पेशी सारख्या, मांडणी सारखी आणि रंगणारी प्रथिनेही सारखीच असतात. निर्णय होतो तो केवळ घुसखोरीवर. म्हणून संपूर्ण गाठ, तिच्या कडांसह, विकृतिवैज्ञानिकाच्या टेबलावर जाणे आवश्यक असते. उकरून तुकडे-तुकडे काढलेल्या गाठीला कडाच उरत नाहीत.

चालचलणुकीविषयी थोडा संशय व्यक्त करणारे एक प्रथिन आहे. ते म्हणजे की-६७. जर्मनीतील कील या शहरात १९८३ साली ते सापडले आणि ज्या कप्प्यात त्याचे प्रतिपिंड मिळाले त्याचा क्रमांक ६७ होता. विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशीतच ते दिसते. स्वस्थ बसलेल्या पेशीत दिसत नाही. म्हणजे शंभर पेशींत किती तपकिरी आहेत हे मोजले की गाठीच्या वाढीची गती कळते. सौम्य गाठींत ही संख्या सामान्यतः पाचाच्या आत राहते. जोमाने वाढणाऱ्या कर्करोगात ती कितीतरी पट असते. अडचण मधल्या गाठींची आहे. संथ कर्करोगात आकडा कमी येतो, आणि नुकतीच सुईने टोचलेल्या सौम्य गाठीत तो काही जागी वाढलेला दिसू शकतो. की-६७ चा आकडा हा एकट्याने निकाल देणारा नाही. इतर साक्षींच्या जोडीनेच त्याला वजन येते. अहवालातील एखादाच शब्द वाचून रुग्णाला 'तुम्हांला कॅन्सर आहे' किंवा 'काही नाही' असे परस्पर सांगण्याचा मोह सुशिक्षितांनीही टाळावा तो याचसाठी.

एका गाठीचे नामांतर

प्रथिनांची ओळख नुसत्या वर्गीकरणाच्या हौसेसाठी नाही, याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. चेक प्रजासत्ताकातील प्लझेन येथील विकृतिवैज्ञानिक आलेना स्कालोवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली असे दाखवून दिले, की ज्यांना आजवर लाळग्रंथीच्या कणिकापेशींचा कर्करोग म्हटले जात होते, त्यांतील काही गाठी मुळात वेगळ्याच होत्या. स्तनाच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी त्यांचे साम्य होते आणि गुणसूत्रांची अदलाबदलही तीच होती. आज या गाठी 'स्रावी कर्करोग' या नावाने ओळखल्या जातात. त्या ओळखण्यासाठी एस-१०० आणि मॅमाग्लोबिन ही दोन प्रथिने रंगवितात. दोन्ही उमटली तर गाठ बहुधा स्रावी. कणिकापेशींच्या खऱ्या कर्करोगात डॉग-१ हे प्रथिन उमटते, आणि २०१९ नंतर एन. आर. ४ ए. ३ या प्रथिनाची खूण त्यासाठी फार भरवशाची ठरली आहे.

नाव बदलले, पण रुग्णाला काय मिळाले? स्रावी कर्करोगात जी जनुके जोडली जातात त्यांपैकी एक एनट्रक-३ हे आहे, आणि त्यापासून होणाऱ्या प्रथिनाचे काम रोखणारे औषध उपलब्ध झाले आहे. अशा जोडणीच्या गाठींसाठी, मग त्या शरीरात कोठेही असोत, अमेरिकेत २०१८ साली लारोट्रेक्टिनिब या औषधास मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णाला ते देता येते; मात्र गाठ त्याच जातीची आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते. लाळनलिकेच्या एका जहाल कर्करोगाचीही अशीच कथा आहे. त्यात बहुतेक वेळा पुरुषसंप्रेरकाचे ग्राहक प्रथिन सापडते, आणि बऱ्याच रुग्णांत स्तनाच्या कर्करोगामुळे माहीत झालेले हर-२ हे प्रथिन. दोन्हींविरुद्ध औषधे आहेत. ती महाग आहेत आणि प्रत्येकाला लागू पडतात असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

बरणी आणि कागद

या साऱ्या विद्येचा पाया मात्र एका साध्या बरणीत असतो. प्रथिने नाशिवंत आहेत. काढलेली गाठ तासन्‌तास उघडी राहिली, मिठाच्या पाण्यात ठेवली किंवा कोरड्या कापसात गुंडाळून दुसऱ्या दिवशी पाठविली, की ती सडू लागते. मग कितीही महागडे प्रतिपिंड घातले तरी रंग उमटत नाही, किंवा नको तेथे उमटतो. काढल्याबरोबर गाठ तिच्या दसपट फॉर्मॅलिनमध्ये बुडाली पाहिजे. फॉर्मॅलिन शेकडा दहाचे, ताजे व समतोल केलेले असावे. रुंद तोंडाची बरणी, तिच्यावर रुग्णाचे नाव, गाठीची बाजू व तारीख : या गोष्टींना खर्च नगण्य लागतो. जेथे ही व्यवस्था नाही तेथे गाठ काढूच नये, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीची पहिली पायरी सुईच्या तपासणीची. इंजेक्शनच्या सुईसारख्या बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून घेतात. भूल लागत नाही, टाके पडत नाहीत. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात १९६० नंतरच्या दशकात लाळग्रंथींसाठी ही पद्धत पद्धतशीरपणे अभ्यासली गेली. सुईने कर्करोग पसरतो अशी भीती लोकांत फार आहे. बारीक सुईच्या बाबतीत ती निराधार मानली जाते. कर्णमूळ ग्रंथीच्या गाठीत चीर देऊन तुकडा काढणे मात्र सहसा टाळतात, कारण त्याने मिश्र अर्बुद सांडते. या तपासणीचे अहवाल सर्वत्र एकाच भाषेत लिहिले जावेत म्हणून २०१८ साली 'मिलान' पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात 'अनिश्चित' असा एक वर्ग मुद्दाम ठेवला आहे. असा अहवाल आला म्हणजे डॉक्टरांना काही कळले नाही असे समजू नये. पुढील तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

सुईची तपासणी जिल्हा रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयांत होऊ शकते. प्रथिनांचे सर्व रंग मात्र प्रत्येक ठिकाणी नसतात आणि असण्याची गरजही नाही. मेणाचा ठोकळा टपालाने पाठविता येतो. प्रवास रुग्णाने न करता त्याच्या ठोकळ्याने करावा. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील विकृतिविज्ञान विभागाची घडी बसविली. आजही ठिकठिकाणचे ठोकळे व काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी तेथे जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा समावेश आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी केल्यास कोणती कागदपत्रे लागतात ते समजते.

लवकर येण्याने काय साधते, याचा अनुभव याच राज्यातील आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदी गोळा करण्यासाठी कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. लाळग्रंथींच्या गाठी त्या मानाने फार थोड्या. त्यांच्यासाठी स्वतंत्र मोहीम निघणार नाही. पण शाळेत, ग्रामसभेत किंवा आशा कार्यकर्तीच्या बैठकीत पुढील गोष्टी सांगता येतात. कान, जबडा, ओठ किंवा टाळू येथील गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती न दुखणारी असली तरी दाखवावी. ती वेगाने वाढू लागली, कातडीला चिकटली, दुखू लागली, किंवा त्या बाजूचा डोळा मिटेनासा झाला, तर एक दिवसही थांबू नये. गाठीवर डाग देऊ नये, बिब्बा घालू नये.

शेवटी कागदाविषयी. शस्त्रक्रिया झाली, गाठ सौम्य निघाली, टाके निघाले, की अहवाल हरवतो असा सार्वत्रिक अनुभव आहे. मिश्र अर्बुद दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा उगवू शकते, ग्रंथिपुटिमय कर्करोग त्याहूनही उशिरा फुप्फुसात दिसू शकतो. तेव्हा नवा डॉक्टर प्रथम जुना अहवाल व ठोकळ्याचा क्रमांक विचारतो. अहवालाची एक प्रत सात-बाराच्या उताऱ्याबरोबर ठेवावी. ठोकळा रुग्णालयाकडून मागून घेता येतो; तो थंड व कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवल्यास अनेक वर्षे टिकतो आणि त्यातून पुन्हा काप काढता येतात.